लाकडी ग्लायडरवर वेळ घालवू का सरळ फायबरवर जाऊ?

लातूरचा_विंचवाला
नमस्कार मंडळी. मी लातूरचा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. पुण्यात हडपसरला विंचवरून (दोरानं ओढून वर सोडणारं यंत्र) थोडं ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवणं, केलंय. आता एमएससाठी जर्मनीला जायलोय अन् तिथल्या एका क्लबाशी बोलणंही झालंय. शिकवायला त्यांच्याकडं दोन ग्लायडर आहेत. एक एएसके-13: लाकडी पंख, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, वरून कापड. दुसरं एएसके-21, अख्खं फायबरचं. पहिल्याचा ग्लाइड रेशो (एक मीटर खाली येताना किती मीटर पुढं जातं) 27 च्या आसपास, दुसऱ्याचा 34. डिझायनर एकच, रुडॉल्फ कायझर. पहिलं 1966 मध्ये उडालं, दुसरं 1979 मध्ये.
माझं मत सरळ 21 वर बसायचं. क्लबातले म्हातारे म्हणतात, आधी 13 उडव. यात काही तथ्य आहे का नुसता जुन्याचा जिव्हाळा? आकड्यांत बोला, आठवणी नकोत.

जालन्याचे_काका
आकडे पाहिजेत ना, मग घे. आठवणी तरीही येतीलच, वयाचा दोष आहे.

1938 चं वाइहे हे ग्लायडर घे: हान्स याकोब्सचं डिझाइन, 18 मीटरचे पंख, सगळं लाकूड. शांत हवेत कमीत कमी किती वेगानं खाली येतं? सेकंदाला साठेक सेंटीमीटर. आता 1984 चं डिस्कस घे, 15 मीटर, फायबर. तेही साठेक सेंटीमीटरच. म्हणजे हवेत टिकून राहण्याच्या बाबतीत जवळपास अर्ध्या शतकात विशेष काही हाती लागलं नाही. वर वाइहे ते काम कमी वेगात करतं. घिरट्या घालताना याचा फायदा कळतो. ताशी 65 किलोमीटरला 40 अंश कललास तर वर्तुळाची त्रिज्या 40 मीटर येते. ताशी 90 ला तेवढंच कललास तर 75 च्या वर जाते. सकाळी दहा-साडेदहाचं आपल्याकडचं थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, कसं असतं, सुतळीएवढं! त्यात म्हातारं लाकडी ग्लायडर मावतं, नवं बाहेर पडतं.

मग नव्यानं मिळवलं काय? जाणं. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकावर 1000 मीटर उंचीवर आहेस असं धर. वारा नाही. 1931 च्या ग्रुनाऊ बेबी या लाकडी ग्लायडरचा रेशो 17, सरळ रेषेत दौलताबाद आरामात गाठशील. तुझं 13 वेरूळपर्यंत नेईल. डिस्कसचा रेशो 42, ते पैठणच्या दोनेक किलोमीटर अलीकडं टेकेल. इथवर पोरं खूश असतात. आता मे महिन्यातलं पश्चिमेचं वारं लाव, तोंडावर ताशी 30. बेबी तिच्या चांगल्या वेगाला, म्हणजे ताशी साठला चाललीय. त्यातला अर्धा वेग वाऱ्यानंच खाल्ला. दौलताबाद राहिलं बाजूला, मिटमिट्याला कुणाच्या तरी वावरात उतरायचं. डिस्कस शंभरनं चाललंय, त्याचे तीस गेले तरी सत्तर उरले. वेरूळवरून जाईल अन् उंची हातात ठेवून जाईल. त्यात शे-दीडशे लिटर पाणी भरलंस तर तोच रेशो आणखी वरच्या वेगाला मिळतो. म्हणून म्हणतो, 27 अन् 34 बघू नको, तो आकडा कुठल्या वेगाला मिळतो ते बघ.

तुझ्या प्रश्नाला मात्र हे उत्तर नाही. शिकण्याचा मामला वेगळा. 21 फार गरीब स्वभावाचं आहे, स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली पडायला, सहज तयार होत नाही. स्पिन शिकवायचा तर शेपटीला वजनं लावावी लागतात. 13 चुकीला माफ करत नाही. स्टिक डावीकडं नेली अन् रडरवरचा (शेपटीचं सुकाणू, ते पायानं चालतं) पाय झोपलेला असला तर नाक उजवीकडं सरकतं, कॅनोपीवरचा (पायलटवरचं काचेचं झाकण) लोकरीचा दोरा लगेच चुगली करतो. मी एनसीसीत रोहिणीवर शिकलो. 1961 चं आपल्याकडचंच डिझाइन, लाकडी, दोन सीट शेजारी-शेजारी. (रोहिणी, कार्तिक, आर्द्रा, आमची सगळी ग्लायडरं पंचांगातून आलेली.) रडर विसरला की मास्तरांचं कोपर बरगडीत. पाय त्यानंच जागे झाले.

नांदेडवाली_रेझिन
काका, घिरट्यांचं पटलं. पण "विशेष काही हाती लागलं नाही" हे जरा जास्त झालं. नवी विंग आखूड आहे, तरी तेवढंच सिंक (खाली येण्याचा वेग) देते, हे कमी आहे का?

मी पवनचक्कीच्या पात्यांचं काम करते, म्हणून फायबरच्या बाजूनं बोलते. लाकडी पंखात रिबवर (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळ्या) प्रोफाइल, म्हणजे पंखाचा आकार, बरोबर असतं, दोन रिबांच्या मध्ये कापड आत दबतं. लॅमिनार, म्हणजे पंखावरून सुरळीत वाहणाऱ्या, प्रवाहाला तेवढं पुरतं बिघडायला. साच्यातून काढलेला पंख टोकापासून टोकापर्यंत हवा तसाच येतो. म्हणून तर 1957 मध्ये श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांचं फिनिक्स हे फायबरचं ग्लायडर उडालं अन् लाकडाचे दिवस भरले. त्याच भागात, त्याच वर्षी उलरिच ह्युटर फायबरच्या पात्यांची पवनचक्की चालवत होते. तेही मुळात ग्लायडरवालेच. आमचा धंदा तुमच्याच घरातून निघालाय.

फायबरचं दुखणं म्हणजे ऊन. रेझिन तापलं की मऊ पडतं, बहुतेक ग्लायडरना 54 अंशांच्या आसपासची मर्यादा असते. म्हणून सगळी पांढरी. परभणीच्या मे महिन्यात गडद रंगाचं ग्लायडर उघड्यावर ठेवलं तर पंखावर हात टेकवणार नाही. लाकडाचं उलटं, त्याला पावसाळा खातो. जुना केसीन डिंक ओल धरतो, त्यावर बुरशी येते, जोड आतून सुटतो अन् वरून रंग एकदम छान दिसतो.

धाराशिव_वारा
धातूला विसरू नका. ब्लानिक एल-13, 1956 चं, सगळं अॅल्युमिनियम, जगभर त्यावर लोक शिकले. 2010 मध्ये ऑस्ट्रियात एकाचा पंख हवेत तुटला, फटीगमुळं, म्हणजे वर्षानुवर्षांच्या ताणानं धातू थकून. त्यानंतर त्यांचं उडणं थांबवलं. जर्मनीत गेल्यावर कुठलंही जुनं ग्लायडर असो, लॉगबुकातले तास अन् शेवटची मोठी तपासणी आधी वाच.

लातूरचा_विंचवाला
काका, मिटमिट्याच्या हिशोबानं डोळे उघडले. सोलोपर्यंत, म्हणजे एकट्यानं उडेपर्यंत, 13, नंतर 21, असं क्लबाला कळवतो. ताई, 13 चा डिंक मला बाहेरून कळेल का?

नांदेडवाली_रेझिन
तुला नाही कळणार, अन् खोलून बघूही नको. ते तिथल्या इन्स्पेक्टरचं काम. तू फक्त हँगरमध्ये असताना पंखाच्या तपासणीच्या भोकाला नाक लाव. कुबट वास आला तर त्याला सांग.

जालन्याचे_काका
अन् बूट पातळ तळव्याचे ने. जाड स्पोर्ट्स शूजमध्ये रडर कळत नाही.