उसावरचं तणनाशक समुद्रातल्या कोरलपर्यंत जातंय काय?

खानापूरचा_ऊसवाला:
नमस्कार मंडळी. पोरांना घेऊन मालवणला स्नॉर्कलिंगला गेलो होतो, तिथला पोरगा म्हणाला सनस्क्रीन लावून उतरू नका, खाली कोरल म्हणजे प्रवाळ खराब होतंय. बरं म्हटलं. पण आपण सगळे उसात ॲट्राझिन नाहीतर डायुरॉन तणनाशक मारालोय, ते पावसात वड्यातनं नदीत आणि नदीतनं समुद्रात जात असणार की, मग चमचाभर क्रीमचं काय घेऊन बसलाय? का मी उगीच जास्त विचार करालोय?

चिकोडीचा_मास्तर:
उगीच नाही वो. कोरल हा प्राणी, पण त्याच्या पेशीत झुझॅन्थेली नावाचं बारीक शैवाल राहतंय आणि ते उन्हावर साखर करून कोरलला लागणारी 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जा देतंय. आता ही दोन्ही औषधं तण कशी मारतात, तर पानातलं प्रकाशसंश्लेषणच बंद पाडून. शैवालात पण तीच यंत्रणा, औषधाला काय कळतंय घोळीचं तण कुठलं आणि झुझॅन्थेली कुठली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उसातनं हेच वाहून ग्रेट बॅरियर रीफ या तिथल्या मोठ्या कोरलच्या पट्ट्याच्या पाण्यात सापडलंय, 2012 मध्ये तिथं डायुरॉनवर निर्बंध आणले. सनस्क्रीनचं म्हणाल तर हवाईत ऑक्सिबेन्झोन हे ऊन अडवणारं रसायन असलेल्या क्रीमच्या विक्रीवर 2021 पासून बंदी आहे, पण त्याचा खरा परिणाम किती यावर अजून वाद चालूय.

टिळकवाडी_कट्टा:
सर बरोबर, पण आपल्या बेळगावकडचं पाणी जातंय कुठं ते बघा की आधी. मलप्रभा कणकुंबीत उगवते पण वळते पूर्वेला, नविलुतीर्थच्या धरणात अडते, पुढं कृष्णा आणि बंगालचा उपसागर. घटप्रभेचं पण तेच, हिडकल धरण आहे मधे. गोव्याकडं जाते ती म्हादई, आणि ती निघते भीमगडच्या जंगलातनं, तिथं कोण ऊस लावालाय? मालवणचं पाप आपल्या डोक्यावर घेऊ नका. आणि आतलं शैवाल जाऊन कोरल पांढरं पडायचं मोठं कारण समुद्र तापणं हेच, 1998 ला लक्षद्वीपला तसंच झालं.

निपाणीची_ताई:
कोरल राहू दे, आमच्या वड्याला एका कारखान्याचं काळं पाणी सुटलं की सकाळी मासे पोटं वर करून तरंगतात, आणि तक्रार केली की दोन दिवस वास बंद, तिसऱ्या दिवशी परत चालू. हे कशानं होतंय?

चिकोडीचा_मास्तर:
ताई, त्या पाण्यात मळी असते, बॅक्टेरिया ती खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मासे गुदमरतात. कोरलवर पण असाच प्रकार होतो. खताचं नत्र आलं की मोठं शेवाळ माजतं, त्यातनं साखर पाण्यात सुटते, त्यावर बॅक्टेरिया वाढतात आणि कोरलच्या अंगालगतचा ऑक्सिजन रात्री खाली जातो. कोरलच्या अंगावर चिकट थर असतो बघा, त्यात एरवी चांगले बॅक्टेरिया राखण करत असतात, पण पाणी तापलं की तिथं व्हिब्रिओ घुसतो, कॉलराच्या जंतूचा भाऊबंद. म्हणजे उष्णता मुख्य हे कट्टावाल्यांचं खरंच, पण आधीच घाणीनं बेजार झालेलं कोरल त्यात लवकर जातं.
ऊसवाले, पाऊस तोंडावर असताना फवारू नका आणि वड्याकडच्या चार सऱ्या न फवारता सोडा, धरणातलं पाणी शेवटी आपणच पितोय.

खानापूरचा_ऊसवाला:
माझ्या सऱ्या सोडतो सर, पण खालच्या बांधाला आमची भावकी आहे, त्यांना हे सांगायला तुम्हीच या.