ग्रिड सतत चालू ठेवून डिझाइन करणं बंद करा (चर्चा)

तिरकीरेघ
कुणाही डिझायनरच्या स्क्रीनवर डोकवा, फोटोशॉप असो, इलस्ट्रेटर असो नाहीतर इंकस्केप, पानभर जाळी पसरलेली आणि तिच्याखाली बिचारं डिझाइन. माझं म्हणणं सरळ आहे, ग्रिड (म्हणजे मापासाठीची ही रेघांची जाळी) एरवी बंद, लागेल तेव्हा शॉर्टकट मारून बघायची आणि लगेच परत बंद. ग्रिड दिसत असली की मोकळी जागा मोकळी वाटतच नाही हो, तिथे रेघा असतात ना, मग हात शिवशिवतात, इथे एक आयकॉन टाकू, हे जरा मोठं करू, आणि ग्रिड काढली की कळतं पान नुसतं कोंबून भरलंय. दुसरं म्हणजे रेघेला टेकलं की बरोबर बसलं अशी सवय लागते. प्लेचा त्रिकोण गोल बटणात मोजूनमापून मध्यावर बसवा, तो डावीकडे सरकल्यासारखाच दिसणार, जरासा उजवीकडे ढकलावाच लागतो. एकाच उंचीचे गोल आणि चौकोन शेजारी ठेवले की गोल लहान वाटतो. यातलं काहीही ग्रिड सांगत नाही.

पिक्सेलपंत
शंभर टक्के असहमत. एकटा माणूस एक पोस्टर करत असेल तर ठीक, डोळ्याच्या भरवशावर चालतं. पण ॲपच्या ढीगभर स्क्रीन्स आहेत, तिघं मिळून काम करतायत, तर तिघांचे डोळे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. एकाने बटणाखाली २३ पिक्सेल सोडले, दुसऱ्याने २४, नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच. ८ च्या पटीतली ग्रिड समोर असेल तर २३ लगेच खुपतो.
आणि तुम्ही एक गोष्ट सोयीस्कर विसरलात. फोटोशॉपमध्ये ग्रिड लपवली की स्नॅप टू ग्रिडचा (वस्तू जवळच्या रेघेला आपोआप चिकटण्याचा) पर्यायच मिळत नाही. म्हणजे तुमच्या सल्ल्याने चालायचं तर सगळं हाताने ओढत बसायचं का?

तिरकीरेघ
@पंत, ते फोटोशॉपपुरतं मान्य. इनडिझाइनमध्ये ग्रिड दिसो न दिसो, वस्तू तिला चिकटतातच (गाइड्सचं, म्हणजे आपण स्वतः ओढलेल्या मदतरेघांचं उलट, त्या मात्र दिसाव्या लागतात). इलस्ट्रेटरमध्येही दाखवणं आणि स्नॅप हे दोन वेगळे पर्याय आहेत. म्हणजे शिस्त हवी तर स्नॅप ठेवा ना, जाळी कशाला तोंडावर?

कोरापान
दोघंही चालू की बंद यावरच भांडताय, मला वाटतं खरा घोळ रेघेच्या रंगात आणि जाडीत आहे. कॉम्प्युटर यायच्या आधी पेस्टअपच्या (मजकूर-चित्रं कापून चिकटवून पान जुळवायच्या) कागदावर ग्रिड फिकट निळ्या रंगात छापलेली असायची, कारण छपाईच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मला तो निळा पांढऱ्यासारखाच दिसायचा, म्हणजे चिकटवणाऱ्याला रेघ दिसतेय पण नेगेटिव्हवर तिचा पत्ता नाही. ग्रिड तेव्हाही दिवसभर डोळ्यासमोरच होती की, कुणाची नजर बिघडली नाही. आताही स्क्रीनवरची ग्रिड छापली जात नाही, एक्स्पोर्टही होत नाही, पण रंग मात्र लोक जो आला तोच ठेवतात आणि मग कुरकुर करतात. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये गाइड्स, ग्रिड अँड स्लाइसेस म्हणून पान आहे, तिथे रंग बदला, सलग रेघेऐवजी तुटक घ्या नाहीतर ठिपके घ्या. गिंपमध्ये इमेज मेनूत कॉन्फिगर ग्रिड आहे, तिथे तर फक्त छेदबिंदूवर ठिपका किंवा छोटं क्रॉस एवढंच ठेवता येतं, बाकी पान कोरं. मी तेच वापरतो.
फिग्माची लेआउट ग्रिड मुळात लाल, १० टक्के अपारदर्शक. ऐकायला फिकट, पण पांढुरक्या किंवा हलक्या गुलाबी पार्श्वभूमीवर ती चालू ठेवून रंग ठरवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

पिक्सेलपंत
रंगाच्या वेळी बंद करा की, कोण अडवतंय. मांडणीच्या वेळी चालू हवी एवढंच म्हणतोय.

नवशिका
मध्येच घुसतोय, सॉरी. इनडिझाइनमध्ये बेसलाइन ग्रिड (मजकुराच्या ओळी ज्यांच्यावर बसतात त्या आडव्या रेघा) ऑन केली, टिक पण दिसतेय, पण पानावर रेघाच नाहीत. आणि इलस्ट्रेटरमध्ये पांढरे-करडे चौकोन येतात ते जातच नाहीत, ग्रिड बंद केली तरी.

कोरापान
@नवशिका झूम वाढवा. बेसलाइन ग्रिडला व्ह्यू थ्रेशोल्ड असतो, बदलला नसेल तर ७५ टक्के, त्याच्या खाली झूम असेल तर ती दिसत नाही. प्रेफरन्सेसमध्ये कमी करता येतो. आणि ते चौकोन म्हणजे ट्रान्सपरन्सी ग्रिड, पारदर्शक भाग दाखवायला, मोजमापाशी संबंध नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकदम दाबा, जातील.

बाराखडी
माझा मुद्दा जरा वेगळा आहे. देवनागरीत काम करणाऱ्यांनी आडव्या रेघा चालू ठेवूच नयेत असं माझं ठाम मत. आपल्या अक्षराला आधीच वर शिरोरेषा आहे, त्यात जवळून ग्रिडची रेघ गेली की दोन रेघा एकमेकीत मिसळतात आणि ओळींमधलं अंतर किती मोकळं वाटतंय याचा अंदाजच येत नाही. शिवाय बेसलाइन ग्रिड अक्षराच्या पायाला धरते आणि आपली नजर ओळ धरते ती वरून. रफार, वेलांटी वर, उकार खाली, हे सगळं धरून लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, ठरवायचं तर कोरं पानच बरं. उभे कॉलम दिसले तर चालतील.

तिरकीरेघ
+१. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, पण मुद्दा माझ्याच बाजूचा आहे :)

पिक्सेलपंत
@बाराखडी, हा मुद्दा पटला, पण तो आडव्या रेघांविरुद्ध आहे, ग्रिडविरुद्ध नाही, तिरकीरेघ यांनी उगाच टाळ्या पिटू नयेत. इलस्ट्रेटर, इनडिझाइनमध्ये ग्रिड्स इन बॅक असा पर्याय आहे, जाळी मागे जाते, अक्षरावरून रेघ फिरत नाही. अर्थात पानभर फोटो टाकला की ती फोटोमागे गडप होते, तेव्हा पुढे आणावीच लागते. आणि आयसोमेट्रिक (ठरलेल्या तिरप्या कोनांतलं, खोली दाखवणारं) चित्र काढून दाखवा बरं ग्रिड बंद ठेवून. इंकस्केपची ॲक्सोनोमेट्रिक, म्हणजे तिरप्या रेघांची ग्रिड बंद केली तर कुठली कड कुठल्या कोनात चाललीय ते स्नॅप असूनही समजत नाही.

तिरकीरेघ
आयसोमेट्रिकला सूट देतो. बाकी ठिकाणी नाही. आणि एक विचारतो, ग्रिड कायम चालू ठेवणाऱ्यांपैकी कितीजण तिचं माप बदलतात? इलस्ट्रेटर उघडलं की ७२ पॉइंटला ठळक रेघ आणि तिचे ८ भाग, म्हणजे चौकोन पडला ९ पॉइंटचा. आणि डिझाइनची सगळी अंतरं ठरलीयत १६, २४, ३२. मग नक्की कशाला टेकवताय? समोर दिसतंय म्हणून टेकवलं एवढंच. त्यापेक्षा नसलेली बरी.

पिक्सेलपंत
माप बदला! भाग ८ च्या ऐवजी ९ करा, चौकोन ८ चा झाला, मिटलं. सेटिंग न बघणाऱ्याने ग्रिड बंद ठेवली तरी तो २३ पिक्सेलच सोडणार आहे.

नवशिका
झूम वाढवल्यावर दिसल्या रेघा, थँक्यू. लोगोसाठी चालू ठेवू की बंद? ते वर्तुळंबिर्तुळं असलेले लोगो ग्रिडवरच काढतात ना?

तिरकीरेघ
त्यातली निम्मी वर्तुळं लोगो झाल्यावर प्रेझेंटेशनसाठी वरून काढलेली असतात.

पिक्सेलपंत
याच्यावर वेगळा धागा काढा, येतो मी भांडायला.