मदत हवी आहे : विहिरीचे पुनर्भरण करावे की 500 फुटांचा बोअर घ्यावा?

सप्रेम नमस्कार.

मी नोकरीनिमित्त नाशिक शहरात राहतो. आमची चार एकर शेती सिन्नर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात असून ती धाकटा भाऊ पाहतो. इगतपुरीला पाऊस थांबता थांबत नाही आणि त्याच जिल्ह्यात आमच्याकडे ढग नुसते डोक्यावरून जातात, हे नाशिककरांना नव्याने सांगायला नको. कांदा, थोडे डाळिंब आणि घरचे पिण्याचे पाणी हे सारे एकाच विहिरीवर चालते.

विहीर 45 फूट खोल आहे. आत उतरून पाहिले की वरची माती आणि मुरूम संपल्यावर मांजऱ्या, म्हणजे छिद्रांचा मऊ खडक, लागतो, 32 फुटांच्या सुमारास वीतभर जाडीचा विटकरी गेरूचा, म्हणजे पाणी सहसा न झिरपू देणाऱ्या लाल मातीचा, पट्टा दिसतो आणि त्याखाली थेट काळा कातळ सुरू होतो. झरे आहेत ते या गेरूच्या बरोबर वर. ईशान्येच्या कोपऱ्यातला झरा तर पूर्वी होळीपर्यंत करंगळीएवढा वाहत असे. 1972 च्या दुष्काळात आजोबांनी सुरुंग लावून कातळ फोडला, पण खाली एकही झरा लागला नाही, फक्त पाणी साठायला जागा झाली.

वडील दर गुढीपाडव्याला सुतळीला दगड बांधून पाणी मोजत आणि तो आकडा दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवत. 2011 साली पाणी 19 फुटांवर होते. यंदाच्या पाडव्याला ते 37 फुटांवर गेले, म्हणजे झऱ्यांच्याही खाली.

दोन वर्षांपूर्वी पाणाड्याने तळहातावर नारळ उभा राहिल्याचे दाखवून जागा सांगितली आणि आम्हीही, शिकलेसवरलेले असून, तिथेच 420 फुटांचा बोअर घेतला. निघाला तो फक्त फुफाटा. पुढे त्यात टँकरने पाणी ओतून पाहिले, तेव्हा बोअर तोंडापर्यंत भरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाणी जेमतेम दोन हात खाली गेले. याचा अर्थ खालच्या कातळात भेगा नाहीत, असे मी समजतो. मात्र केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, 40 फुटांपर्यंत अखंड असल्यामुळे मांजऱ्यातला पाण्याचा थर आपणच पाइपाने बंद केला की काय, ही शंकाही मनातून जात नाही. आता तालुक्याच्या गावातील एक एजंट दुसऱ्या कोपऱ्यात 500 फूट जाण्याचा आग्रह करत आहे. 2009 च्या राज्य भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा खोल विहिरींवर बंधने आहेत, हे मी त्याला सांगितले, तर तो हसला.

शेजारी अलीकडे प्लास्टिकचा कागद अंथरलेली तीन शेततळी झाली आहेत आणि ती पावसाने नव्हे, विहिरी उपसून भरली जातात. 30 बाय 30 मीटरच्या, 3 मीटर खोल तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. आपल्या झिजलेल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे इकडच्या काळ्या खडकात, उपसता येण्याजोगे पाणी दोन टक्के धरले, तर एवढ्यासाठी 11 हेक्टरांखालची पातळी एक मीटरने उतरावी लागते. शेजाऱ्यांशी भांडण्याची इच्छा नाही. खरे सांगायचे तर भावाच्याही मनात असेच शेततळे करायचे होते.

माझा विचार असा आहे की बोअरचा नाद सोडून, बांधाजवळून जाणाऱ्या ओहोळाचे पावसाळी पाणी दोन खड्ड्यांतून, म्हणजे पहिल्यात गाळ बसवून आणि दुसऱ्यात दगड, खडी व वाळू यांतून गाळून, पाइपाने विहिरीत सोडावे. पहिल्या दोन-तीन पावसांचे गढूळ पाणी बाहेरच काढून द्यायचे. भाऊ म्हणतो की गाळाने झरे बुजतील आणि असलेले पाणीही जाईल. मला भीती वेगळी वाटते. तो ओहोळ वरच्या कांद्याच्या शेतांतून युरिया घेऊन येतो, त्याचे पुढे नायट्रेट होते आणि पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. घरात सहा महिन्यांचे बाळ आहे आणि जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांना विशेष घातक असते.

ज्यांनी असे पुनर्भरण प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सांगावे की चार-पाच वर्षांनी झऱ्यांची स्थिती काय आहे आणि वाळू किती वेळा बदलावी लागते. ओहोळाऐवजी घराच्या पत्र्यांचे पाणी घेतले, तर ते स्वच्छ राहील, पण 100 चौरस मीटर पत्र्यावरून 500 मिलिमीटर पावसात फार तर 50 हजार लिटर मिळतील. त्याने शेतीचे काय होणार? की ते पिण्यापुरते वेगळे साठवावे आणि विहीर फक्त शेतीला ठेवावी? फसलेल्या बोअरचे केसिंग 32 फुटांच्या वरच्या भागात जाळीदार करता येते का आणि ते करणारा कारागीर नाशिकच्या आसपास कोणाला माहीत आहे का? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून जागेची पाहणी करून घेतलेली कोणी असल्यास अर्ज कसा केला, हेही लिहावे.

एजंटाला रविवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे. भावाने आगाऊ रक्कम अजून दिलेली नाही.