प्रतिसाद: जाहिरात कुठे शोभते आणि कुठे खुपते

'व्हिडिओ गेममध्ये जाहिरात नकोच' असं एका वाचकाने म्हटलंय, पण ते मत मला जरा टोकाचं वाटतं. फुटबॉलच्या गेममध्ये मैदानाकडेचे फलक कोरे ठेवले तर उलट तेच खोटं वाटेल. २००८ मध्ये 'बर्नआउट पॅराडाइज' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममधल्या रस्त्यांवर ओबामांच्या प्रचाराचे फलक लागले होते. गाडी सुसाट पळवताना ते दिसले काय नि न दिसले काय, खेळ कुठेच अडत नव्हता.

डोकं फिरतं ते खेळ थांबवला की. २०२० मध्ये 'यूएफसी ४' या मारामारीच्या गेममध्ये रिप्लेच्या (लढतीतले क्षण पुन्हा दाखवण्याच्या) वेळी एका वेब सिरीजची जाहिरात झळकू लागली. गेम पूर्ण किमतीचा, आणि जाहिराती सुरू झाल्या लोकांनी तो विकत घेतल्यानंतर! ओरड झाल्यावर कंपनीने त्या काढल्या. फुकट मोबाईल गेममध्ये जाहिरात आली तर मी कुरकुरत का होईना, बघतो. तिथे तोच सौदा असतो. इथे मात्र पैसे मोजून वर हे.

'डेथ स्ट्रँडिंग' या गेमचं उदाहरण तर मजेदार आहे. जग उद्ध्वस्त झालंय, माणसं भूमिगत शहरांत राहताहेत, आणि नायकाच्या खोलीत मॉन्स्टर एनर्जी या खऱ्याखुऱ्या एनर्जी ड्रिंकचे डबे! नंतरच्या डायरेक्टर्स कटमध्ये (गेमच्या सुधारित आवृत्तीत) त्यांच्या जागी काल्पनिक पेय आलं. कुणाला चुकल्यासारखं वाटलं का?