‘दुखापतींनी घात केला’ हे कारण किती हंगाम चालायचं?

तोफखाना
आम्हा आर्सेनलवाल्यांना लिव्हरपूलवाल्यांशी वाद घालताना एकच वाक्य ऐकू येतं: ‘प्रीमियर लीगमध्ये २०२४-२५ ला दहा गुणांनी मागे राहिलात, आता दुखापतींचं रडगाणं पुरे.’ म्हणून सगळं एकदाच मांडतो.

सप्टेंबरात ओडेगार्ड नॉर्वेकडून खेळताना घोटा दुखावून आला. डिसेंबरात साकाची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेली, जानेवारीत जेझुसचा गुडघा. फेब्रुवारीत आधी मार्टिनेली आणि पाठोपाठ हावर्ट्झ, दोघांचीही हॅमस्ट्रिंग. मेरिनो हा मधल्या फळीचा खेळाडू लेस्टरविरुद्ध स्ट्रायकर (गोल करणारा आघाडीवीर) म्हणून उतरवावा लागला. त्याने शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल ठोकले, ते सोडा. एवढं होऊनही ७४ गुण आणि दुसरा क्रमांक. तिकडे लिव्हरपूलचे सलाह, व्हॅन डाइक, ग्राव्हेनबेर्ख जवळपास प्रत्येक सामना खेळले. याला नशीब नाही तर काय म्हणायचं?

कॉपकर
नशीब? १४ सामने बरोबरीत सोडवले तुम्ही. साका पडला तेव्हा आम्ही लिव्हरपूलवाले आधीच पुढे होतो. ब्रायटनविरुद्ध राइस, मँचेस्टर सिटीकडे ट्रोसार्ड, बोर्नमथला सालिबा असे तीन सामन्यांत तुमचे तिघे लाल कार्ड घेऊन बाहेर गेले आणि सात गुण वाहून गेले. तिथे कुणाची हॅमस्ट्रिंग आडवी आली?

आता मूळ मुद्दा. २०२४ च्या उन्हाळ्यात तुम्ही एन्केतिया आणि स्मिथ-रो विकले, स्टर्लिंगला उसना आणला (लीगमध्ये एकही गोल नाही), आणि अस्सल स्ट्रायकर घेतलाच नाही. जेझुस जायबंदी झाल्यावरही जानेवारीत एकसुद्धा खेळाडू आला नाही. खेळाडू पडणं हा अपघात असेल, पण त्याच्या जागी कुणीच नसणं हा तुमच्या क्लबचा निर्णय होता.

आणि आमचे सगळे ठणठणीत होते हा गैरसमज काढून टाका. अ‍ॅलिसन हा आमचा गोलकीपर ऑक्टोबरात जायबंदी झाला, त्याच्या जागी केलेहर आला आणि त्याने रेआल माद्रिदविरुद्ध एम्बाप्पेची पेनल्टी अडवली. त्याच सामन्यात बचावपटू कोनाटे जखमी झाला. चार दिवसांनी सिटीविरुद्ध त्याच्या जागी गोमेझ उभा राहिला, २-० जिंकलो. बेंच (राखीव फळी) म्हणतात ती ही.

निळीबाजू
तुम्ही दोघंही डोकी मोजताय. आमचं, मँचेस्टर सिटीचं बघा. २०२३-२४ च्या पहिल्याच सामन्यात डी ब्रॉयना बाहेर गेला तो थेट जानेवारीत परतला. तरी ९१ गुण आणि विजेतेपद. पुढच्या हंगामात २२ सप्टेंबरला, आर्सेनलविरुद्धच, रॉड्रीचा गुडघा गेला आणि आम्ही ७१ गुणांवर तिसरे. मधल्या फळीत नावं कमी होती का? कोव्हाचिच होता, गुंडोआन परत आला होता. रॉड्री मात्र नव्हता. जानेवारी-फेब्रुवारीत मार्मूश, खुसानोव्ह, व्हिटोर रेइस, निको गोन्झालेझ असे चौघे आणले, तोवर शर्यत संपली होती.

मे महिन्यात तर आमचा मॅनेजर पेप ग्वार्डिओलाने उघड सांगितलं की स्क्वॉड (खेळाडूंचा ताफा) लहान केला नाही तर मी थांबणार नाही. इतक्या जणांना बाहेर बसवणं त्याला नको होतं. त्यामुळे ‘अजून चार घ्या’ हे उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.

तोफखाना
हेच तर म्हणतोय! काही माणसांना पर्याय नसतो. मार्च २०२३ मध्ये स्पोर्टिंगविरुद्ध आमचे बचावपटू सालिबा आणि तोमियासू एकाच सामन्यात जायबंदी झाले, आणि तिथून २०२२-२३ ची लीग निसटली.

निळीबाजू
सालिबाच्या जागी होल्डिंग आला आणि पुढचे दोन सामने तुम्ही ४-१, ४-१ जिंकलात. मग अ‍ॅनफिल्डवर, लिव्हरपूलच्या मैदानात, २-० वरून २-२. वेस्ट हॅमकडे पुन्हा २-० वरून २-२, त्यात साकाची पेनल्टी बाहेर. साउथॅम्प्टन तळाला होता, त्याच्याशी घरच्या मैदानावर ३-३, आणि पहिल्याच मिनिटाला तुमचा गोलकीपर रॅम्सडेलने चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायात दिला. यातलं होल्डिंगच्या नावावर किती लावायचं?

तोफखाना
बरंच. सालिबा असताना बचावाची रेषा वर राहते, तो धावून मागची जागा झाकतो. होल्डिंगला तो वेग नाही, म्हणून सगळा संघ दहा पावलं मागे सरकतो आणि आघाडी टिकवणं अवघड होतं. गुणतक्ता बघून हे दिसायचं नाही. आणि कॉपकर, २०२०-२१ ला तुमचं काय झालं?

कॉपकर
विचारणार हे माहीत होतं. एव्हर्टनच्या गुडिसन मैदानावर व्हॅन डाइक जायबंदी, मग गोमेझ, मग माटिप. मधल्या फळीचे हेंडरसन, फाबिन्यो सेंटर-बॅक (मधले बचावपटू) म्हणून खेळले. अ‍ॅनफिल्डवर लीगचे ६८ सामने न हरलेला संघ तिथेच सलग सहा हरला. ६९ गुण, तिसरा क्रमांक. पण त्या उन्हाळ्यात आम्ही लोव्हरेन विकून त्या जागी कुणालाच घेतलं नव्हतं. तीन सेंटर-बॅक, त्यातले दोन वारंवार जायबंदी होणारे, आणि त्यांच्यावर अख्खा हंगाम काढायचा! काबाक आणि बेन डेव्हिस आणले ते फेब्रुवारीत. दोष क्लबचाच. मी दोन्ही क्लबांना एकाच मापाने मोजतोय.

फिजिओच्या_नजरेतून
सगळ्या दुखापती एका पोत्यात भरू नका. कुणी अंगावर आल्याने गुडघा गेला तर त्यात नशीब आहेच. हॅमस्ट्रिंग बहुतेकदा जोरात पळताना जाते आणि थकव्याने धोका वाढतो. २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात सहाऐवजी आठ सामने आहेत, वर राष्ट्रीय संघ. प्रीमियर लीगमध्ये पाच बदली खेळाडूंची मुभा २०२२-२३ पासून आहे, तरी सामना अटीतटीचा असला की मॅनेजर दोनतीनवर थांबतात. क्लबच्या २५ जणांच्या नोंदणी यादीबाहेर २१ वर्षांखालची मुलं कितीही खेळवता येतात. आर्सेनलचे न्वानेरी आणि लुईस-स्केली त्याच वाटेने आले. नाव यादीत असणं वेगळं आणि ७० व्या मिनिटाला त्याला उतरवायची मॅनेजरची हिंमत होणं वेगळं.



तोफखाना
हिंमतीचं पटतं. पण आमचा मॅनेजर अर्टेटाच्या बेंचवर फेब्रुवारीत उतरवायला होतं कोण, तेही सांगा.

कॉपकर
म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. ऑगस्ट २०२५ मध्ये हावर्ट्झचा गुडघा गेला आणि लगेच एझे आला की नाही? ग्योकेरेस, मादुएके, झुबिमेंडी धरून आठ नवे. हेच आधीच्या जानेवारीत का नाही जमलं?

तोफखाना
१२.५ कोटी पाउंड एकट्या इसाकवर घालणाऱ्यांनी आम्हाला खरेदी शिकवू नये. आणि त्या तीन लाल कार्डांपैकी राइस आणि ट्रोसार्डची कार्डं चेंडू लाथाडल्याबद्दल होती. त्या पंचगिरीवर वेगळा धागा काढतो, तिकडे या.