‘सवंग’ : भाव की दर्जा?

सवंग विनोद, सवंग सिनेमा, सवंग लोकप्रियता. हा शब्द आता फक्त नाक मुरडायला उरला आहे. माझी आजी मात्र बाजारातून आली की पिशवी ओतत म्हणायची, “आज मेथी सवंग होती गं, दोन जुड्या जास्तीच्या आणल्या.” तिच्या तोंडी त्या शब्दाला आनंदाचा वास होता.

मूळ संस्कृत ‘समर्घ’. अर्घ म्हणजे किंमत. महार्घचं झालं महाग, समर्घचं सवंग. गुजरातीत मोंघुं-सोंघुं ही जोडी अजून शाबूत आहे. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही सवंग म्हणजे स्वस्तच. आपल्याकडे महागाई टिकली, सवंगाई बोलण्यातून गेली.

भाव सांगणारा शब्द दर्जा कधी सांगू लागला? मला वाटतं, याचं उत्तर तिकिटात आहे. नाट्यगृहात ‘पीट’ म्हणजे कमी पैशाची जागा. ‘पिटातला प्रेक्षक’ म्हणताना खरं तर आपण फक्त कोण कुठे बसलं आहे ते सांगतो, पण ऐकू येते ती शिवी. ज्याचं तिकीट सवंग, त्याची आवडही सवंग, असा हा हिशेब. ‘गल्लाभरू’चंही तेच. पोटभरू, वेळकाढू यांच्या पंगतीतला शब्द. गल्ला भरला म्हणजे माणसं आली, आणि आपण होऊन आली, हे त्यात कुठेच दिसत नाही.

आमच्या घरी टीव्हीवर दादा कोंडक्यांचा सिनेमा लागला की बाबा पोट धरधरून हसायचे. दारावरची बेल वाजली की आधी रिमोट, मग कडी. पाहुण्यांना बातम्या दिसायच्या. ‘सवंग’ शब्दाची ही दहशत मी जवळून पाहिली आहे आणि तिचा मला आजही राग येतो.

प्रतिसाद १

व्युत्पत्ती पटली. एक भर घालतो. इंग्रजी ‘चीप’चा प्रवासही किमतीकडून दर्जाकडे झाला आहे. इंग्रजी शिकलेल्यांच्या लेखणीतून तीच छटा सवंगला चिकटली असावी. ‘तमाशा’चं बघा. अरबी-फारसीतून आलेला शब्द, अर्थ मौजेने पाहण्याची गोष्ट. आज घरात भांडण झालं की “तमाशा करू नकोस”. नाटकं, सोंगं, गोंधळ, सगळ्यांची तीच गत. करमणुकीचा प्रत्येक प्रकार आपण भाषेत दोषाच्या खात्यावर टाकला आहे.

प्रतिसाद २

तरी शब्द हवाच. एखाद्याच्या रंगावर, जाडीवर हशा वसूल करणाऱ्या प्रहसनाला काय म्हणायचं?

मूळ लेखिका

त्याला ‘क्रूर’ म्हणा, ‘हिणकस’ म्हणा. संवाद आरडाओरडीचे असतील तर ‘बटबटीत’, रंग अंगावर येत असतील तर ‘भडक’. हे शब्द दोषावर बोट ठेवतात. ‘सवंग’ बोट ठेवतो तो बघणाऱ्यावर.

‘तमाशा’वरून आठवलं. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येतात, यात्रेची तारीख सांगतात, वग, म्हणजे तमाशातलं नाट्य, कोणता, कलाकार किती ते विचारतात, घासाघीस करतात आणि सुपारी देतात. गावाने वर्गणी काढून आणलेला पैसा असतो तो. घासून घेतात, पण काय हवं ते मोकळेपणी सांगतात. ढोलकी कडक हवी, बतावणीला गाव हसलं पाहिजे. त्याच गावच्या तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने आज राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं.

मी स्वतः बोलण्यात एक बदल केला आहे. ‘टाइमपास म्हणून पाहिला’ असं म्हणायचं सोडलं. पाहिला, आवडला, दुसऱ्यांदा जाणार आहे, एवढंच म्हणते. आणि सवंग शब्द मंडईपुरता ठेवला आहे. परवा भाजीवाल्या मावशींना विचारलं, “टोमॅटो सवंग झाले का हो?” त्यांना तो लगेच कळला. म्हणाल्या, “झाले की, घ्या दोन किलो.”