२९.७७ विरुद्ध २०.७४ टेराफ्लॉप्स: मग पडद्यावर फरक का दिसत नाही?

कागदीघोडा
मित्राला वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० (१० जीबीवालं) की एएमडीचं आरएक्स ६८०० एक्सटी, एवढाच प्रश्न. दोन्ही २०२० ची. त्याने स्पेक्सचा तक्ता पाठवला, टेराफ्लॉप्सच्या (सेकंदाला किती लाख कोटी गणितं) रकान्यासकट, आणि खाली लिहिलं, "३०८० जवळजवळ दीडपट आहे, विषय संपला." त्याचा संपला, माझं डोकं तिथंच अडकलं.

हिशोब सोपा आहे. ३०८० मध्ये ८,७०४ कोअर, बूस्ट (जाहीर केलेला चढा वेग) १.७१ गिगाहर्ट्झ. ६८०० एक्सटीत ४,६०८ कोअर, पण २.२५ गिगाहर्ट्झ. एक कोअर एका सायकलमध्ये एक गुणाकार आणि एक बेरीज एकदम करतो, म्हणून गुणिले दोन. आले २९.७७ आणि २०.७४ टेराफ्लॉप्स. कागदावर चाळीस टक्क्यांहून मोठी आघाडी. आणि गेममध्ये? रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र काढणं) बंद असेल तर १४४०पी ला (२५६०×१४४० पिक्सेल) दोघं बरोबरीत, ४के ला (३८४०×२१६०) ३०८० जरासं पुढे. बस.

हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. २०१७ चं एएमडीचं व्हेगा ६४ होतं १२.६६ टेराफ्लॉप्सचं. दोन वर्षांनी त्याच कंपनीचं आरएक्स ५७०० एक्सटी आलं ९.७५ घेऊन, आणि गेममध्ये व्हेगाला मागे टाकून गेलं. माझं म्हणणं, हा रकानाच तक्त्यातून उडवा.

उलटतपासणी
सपशेल असहमत. आकडा खोटा नाही, तुम्ही तो चुकीच्या माणसाशेजारी उभा करताय.

३०८० ची तुलना आधी तिच्याच घरातल्या २०८० टीआयशी करा. दोघींत एसएम (कोअरचे गट) ६८ च. मग कोअर ४,३५२ चे ८,७०४ झाले कुठून? आधीच्या पिढीत प्रत्येक एसएममध्ये दशांशी गणिताच्या ६४ लेन (गणित करणाऱ्या वाटा) होत्या आणि पूर्णांकांच्या ६४ वेगळ्या. ३०८० मध्ये त्या दुसऱ्या ६४ लेनना दशांशी गणितही शिकवलं, आणि मोजताना सगळ्या १२८ धरल्या. पण पूर्णांकाचं काम आलं की त्या लेन तिकडेच जाणार. एनव्हिडियानेच २०१८ मध्ये सांगितलं होतं की गेममध्ये दर १०० दशांशी सूचनांमागे साधारण ३६ पूर्णांकी असतात. म्हणजे १३६ पैकी १०० कामाच्या. २९.७७ ला त्याने छाटलं की उरतात २१.९. आता बघा ६८०० एक्सटीचे २०.७४. कोडं सुटलं की नाही?

दीडशहाणा
सुटलं नाही राव, तुम्ही अर्धंच गणित केलंत. ६८०० एक्सटीत पूर्णांकांसाठी वेगळ्या लेन कुठे आहेत? तिथेही तेच ४,६०८ कोअर दोन्ही कामं करतात. कात्री तिलाही लागणार. २०.७४ चे होतात सव्वापंधरा, आणि फरक जिथल्या तिथे. आवडतं उत्तर आलं की वही मिटायची, असं चालत नाही.

आणि क्लॉकचं काय? १.७१ हा ३०८० चा कागदी बूस्ट आहे. कूलिंग बरं असेल तर ती गेममध्ये १.९ च्या आसपास पळते. तिकडे एएमडीचा २.२५ हा "इथपर्यंत जाईल" या अर्थाचा आकडा, गेम क्लॉक म्हणून ते स्वतः २.०१५ देतात. म्हणजे खरी दरी कागदापेक्षा मोठीच निघू शकते.

शिवाय एकच रकाना का धरायचा? पिक्सेल भरण्याचा वेग काढा. ९६ आरओपी (पिक्सेल भरणारे भाग) गुणिले १.७१, म्हणजे सेकंदाला १६४ अब्ज पिक्सेल. समोर १२८ गुणिले २.२५, म्हणजे २८८ अब्ज. या रकान्यात ६८०० एक्सटी पाऊणपट पुढे. मित्राने हाच रकाना पाठवला असता तर?

सावकाश
सगळे गणित करणाऱ्यांची संख्या मोजताय. त्यांना माल कोण पुरवतंय?

२०८० टीआयची मेमरी बँडविड्थ (मेमरीतून माहिती आणण्याचा वेग) सेकंदाला ६१६ जीबी, ३०८० ची ७६०. टेराफ्लॉप्स १३.४५ वरून २९.७७, दुपटीहून जास्त, आणि पुरवठा वाढला जेमतेम २३ टक्के. दर हजार गणितांमागे आधी ४६ बाइट मिळायचे, आता २६ सुद्धा नाहीत. आता आठवा, ४के गेममध्ये ३०८० तिच्या मोठ्या बहिणीच्या किती पुढे होती? पाव ते तृतीयांश. कारण एकटं हेच असं म्हणत नाही, पण माझा संशय आधी इथे जातो.

६८०० एक्सटीकडे तर ५१२ जीबीच, बसही (मेमरीकडची वाट) २५६ बिटची. पण चिपवरच १२८ एमबीची इन्फिनिटी कॅश (हाताशी असलेली झटपट मेमरी) आहे. ढोबळ हिशोब करू. पिक्सेलमागे चार बाइट धरले तर १४४०पी च्या चित्राचा एक थर १४.७ एमबी, ४के चा ३३. आजकालचा गेम असे चारपाच थर एकावेळी हाताळतो. पाच धरा: १४४०पी ला ७४ एमबी, आरामात मावतं. ४के ला १६६, बाहेर सांडतं. टेक्श्चर वगैरे यात धरलेलंच नाही. कागदीघोड्यांनी सांगितलेला "१४४०पी ला बरोबरी, ४के ला मागे" हा प्रकार इथे बसतोय का बघा.

रेंडरवाला
गेम गेम काय चाललंय? मी २०८० टीआय विकून ३०८० घेतली. गेममध्ये बरी वाटली, इतकंच. पण ब्लेंडरमधला (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) माझा एक जुना सीन आहे, काचेच्या बाटल्यांचा, तो दीडपट वेगाने निघायला लागला. टेराफ्लॉप्सचा रकाना उडवा म्हणणाऱ्यांनी आमच्या धंद्यावर पाय देऊ नये.

दीडशहाणा
तुमचा तो वेग रे ट्रेसिंगच्या वेगळ्या कोअरचा असणार. टेराफ्लॉप्सला श्रेय कशाला?

रेंडरवाला
ऑप्टिक्स (ते वेगळे कोअर वापरणारी पद्धत) बंद करून, साध्या कूडावर (नुसत्या नेहमीच्या कोअरवर) चालवलं होतं. दोन्ही कार्डांवर. एवढं कळतं मला.

दीडशहाणा
मग शब्द मागे. या बाबतीत.

उलटतपासणी
माझी अर्धी वही मलाही मान्य. सावकाश यांचा मुद्दा बिनतोड. पण "दुप्पट मोजणं" ही एकाच कंपनीची खोड समजू नका. २०२२ च्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सवर एएमडीने ६१ टेराफ्लॉप्स लिहिले. ६,१४४ कोअर, अडीच गिगाहर्ट्झ, गुणिले दोन केलं की ३०.७ च येतात. उरलेले का, तर दोन सूचना जोडीने सोडता येतात म्हणून. जोडी जमली तर. कंपायलरला (कार्डासाठी सूचना रचणारं सॉफ्टवेअर) ती दरवेळी कुठली जमायला!

म्हणून रकाना राहू दे, पण एकाच आर्किटेक्चरच्या (आतल्या रचनेच्या) दोन कार्डांपुरता. ६८०० आणि ६८०० एक्सटी शेजारी ठेवा, तो पुष्कळ खरं बोलतो.

कागदीघोडा
रकाना उडवण्याची मागणी मागे घेतो, रेंडरवाल्यांचा धाक म्हणून. तरी खरेदीदारासमोर तो सगळ्यात वर छापण्याला माझा विरोध कायम. ३०८० ची १० की ६८०० एक्सटीची १६ जीबी मेमरी हा फरक मित्राच्या तक्त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत होता. जड टेक्श्चरच्या नव्या गेममध्ये १० जीबी भरतात तेव्हा फ्रेम अडखळते, ते कुठल्याच टेराफ्लॉप्समध्ये दिसत नाही. उलट रे ट्रेसिंग चालू करायचं असेल तर ३०८० सरळ पुढे, आणि त्यावर डीएलएसएसही (कमी पिक्सेलचं चित्र एआयने मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र). तेही त्या आकड्यात नाही.

सावकाश
मूळ प्रश्न राहिलाच. मित्राचा मॉनिटर कुठला आहे?

कागदीघोडा
आत्ताच विचारलं. १०८०पी, ६० हर्ट्झ.

उलटतपासणी
😐 आणि पॉवर सप्लाय? दोन्ही कार्डांना ७५० वॉटचा सांगितलाय.

कागदीघोडा
४५० चा आहे म्हणतोय. "चालेल ना?"